विश्लेषण : बिडीच्या पैशातून शाळा कशा उभ्या राहिल्या? मनोहरभाई पटेल, गोंदिया आणि ‘सीएसआर’च्या आधीचे सामाजिक दायित्व

दर वर्षी ९ फेब्रुवारीला गोंदियात मनोहरभाई पटेल यांची जयंती साजरी होते आणि गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. ज्यांच्या नावाने ही पदके मिळतात, त्यांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक टप्प्यावरच थांबले होते. बिडी व्यवसायात पैसा कमावून त्यांनी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभे केले. त्या काळी ‘कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणजे सीएसआर हा शब्द इथे कुणाच्या कानावर नव्हता आणि नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजासाठी खर्च करण्याची सक्तीही नव्हती. मग व्यापाऱ्याने शाळा का काढली? कामगारांसाठी वसाहत किंवा दवाखाना का नाही? उद्योजक स्वतःला कोणाचे देणेकरी मानतो, हे त्याची संस्कृती कशी ठरवते? मनोहरभाईंच्या आयुष्याच्या आधारे घेतलेला हा आढावा.

मनोहरभाई पटेल कोण होते?

मनोहरभाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ चा. कुटुंब मूळचे गुजरातमधील चरोतर भागातले, म्हणजे खेडा जिल्ह्याच्या पट्ट्यातले. घरची परिस्थिती साधी होती. तरुणपणी ते कामाच्या शोधात गोंदियात आले आणि छोटाभाई जेठाभाई या पेढीच्या बिडी व्यवसायात स्थिरावले. हीच पेढी पुढे सीजे समूह म्हणून ओळखली जाऊ लागली. व्यापारात जम बसल्यावर ते सार्वजनिक कामात उतरले. गोंदिया नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. काँग्रेसतर्फे ते विधानसभेवरही निवडून गेले. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. माजी केंद्रीय मंत्री प्रफुल्ल पटेल हे त्यांचे पुत्र.

त्यांच्या हयातीत या भागाने तीन राज्ये पाहिली. आधी मध्य प्रांत आणि त्यातून झालेला मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातले एक व्यापारी गाव होते. स्वतंत्र गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे मनोहरभाईंच्या निधनानंतर जवळपास तीन दशकांनी.

बिडीचा व्यवसाय गोंदियातच का वाढला?

बिडीला तीन गोष्टी लागतात. तंबाखू, तेंदूची पाने आणि बिडी वळणारे हात. चरोतर हा बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध पट्टा. तेंदूपत्ता गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात मुबलक. भात हे इथले मुख्य पीक असल्याने रोवणी आणि कापणीचा हंगाम सोडला की हाताला काम नसे. त्यामुळे हातही उपलब्ध होते.

या तिन्ही गोष्टींना जोडले ते रेल्वेने. बंगाल नागपूर रेल्वेमुळे गोंदिया हावडा-मुंबई मार्गावर आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे आणि नागभीडकडे नॅरोगेज फाटे निघाले आणि गोंदिया जंक्शन झाले. पश्चिमेकडून तंबाखूची पोती यायची आणि तयार बिडी देशभर जायची. चरोतरचा एक तरुण गोंदियात येऊन मोठा व्यापारी होतो, त्यामागे ही सगळी जुळणी होती.

या धंद्याची एक खासियत पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. बिडीला मोठा कारखाना लागत नाही. बायका घरी बसून बिड्या वळतात. मालक पाने आणि तंबाखू ठेकेदाराकडे देतो, ठेकेदार ती घरोघरी वाटतो आणि वळलेल्या बिड्या मोजून परत घेतो. खराब ठरलेल्या बिड्यांची छाट काढली जाते आणि मजुरी हजारी हिशेबाने मिळते. म्हणजे मालक आणि बिडी वळणारी बाई यांची गाठ सहसा पडतच नाही.

मनोहरभाईंनी शाळाच का काढल्या?

१९५८ च्या सुमारास गोंदिया परिसरातल्या मुलाला महाविद्यालयात शिकायचे असेल तर मुख्यतः नागपूर, जबलपूर किंवा रायपूरची वाट धरावी लागे. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर. तिथे राहण्या-जेवणाचा खर्च शेतकरी कुटुंबाला झेपणारा नव्हता. मुलींसाठी तर हा रस्ता जवळपास बंदच होता.

गोंदिया एज्युकेशन सोसायटीने ही अडचण उलट बाजूने सोडवली. विद्यार्थ्याला शहरात पाठवण्याऐवजी शाळा आणि महाविद्यालय तालुक्यात नेले. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि एन. एम. डी. महाविद्यालय, भंडाऱ्यात जे. एम. पटेल महाविद्यालय, तिरोड्यात सी. जे. पटेल महाविद्यालय, तुमसरला एस. एन. मोर महाविद्यालय, तर साकोली आणि देवरीत खुद्द मनोहरभाईंच्या नावाची महाविद्यालये. यातली काही त्यांच्या हयातीत, तर काही नंतर उभी राहिली. गोंदियात त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही पुढे आले.

या यादीतली नावे नीट पाहिली की संस्थेची रीत लक्षात येते. धोटे, दलाल, मोर, पटेल. कोणी मराठी, कोणी गुजराती, कोणी मारवाडी. म्हणजे हा एकट्या श्रीमंत माणसाचा उपक्रम नव्हता. गावातल्या ऐपतदार घरांना एकत्र आणायचे, त्यांचे नाव संस्थेला द्यायचे आणि सगळ्यांच्या मुलांसाठी दरवाजे उघडायचे, असे त्याचे स्वरूप होते.

ही रीत आली कुठून?

गुजराती व्यापारी समाजात ‘महाजन’ ही जुनी संस्था आहे. एका धंद्यातले किंवा एका गावातले व्यापारी एकत्र येऊन सार्वजनिक कामांची जबाबदारी घेत. वहीत ‘धर्मादा’ नावाचे वेगळे खाते असे. प्रत्येक सौद्यामागे छोटी रक्कम त्यात जमा होई. त्यातून धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ आणि नंतरच्या काळात शाळा, दवाखाने उभे राहत. ही रक्कम व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नसे. ती व्यवहाराचाच भाग मानली जाई. त्यामुळे दानाची सवय धंद्यासोबतच अंगवळणी पडे.

परगावातून आलेल्या व्यापाऱ्यासाठी याला आणखी एक अर्थ असतो. ज्या गावाने पोट भरले, त्या गावात आपली पत टिकवायची तर नुसता व्यापार पुरत नाही. भाषा वेगळी, जात वेगळी, नातीगोती दूर. अशा वेळी गावासाठी काही उभे केले की माणूस ‘बाहेरचा’ राहत नाही. दानामागे श्रद्धा असते, तशी ही सामाजिक गरजही असते. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

गोंदियाच्या मातीतही अशी परंपरा होती का?

होती. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या पाटलांनी इथे शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण. तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क आणि मान मिळे, गावाच्या भाताला पाणी मिळे. हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आज त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात.

म्हणजे गावातल्या मोठ्या माणसाने गावासाठी टिकाऊ काहीतरी बांधावे, ही अपेक्षा इथे आधीपासूनच होती. कोहळी पाटलाने तलाव बांधला, व्यापाऱ्याने शाळा बांधली. मनोहरभाई स्वतः सिंचनाच्या प्रश्नातही होते. आमदार म्हणून इटियाडोह धरणासाठी केलेल्या पाठपुराव्याशी त्यांचे नाव जिल्ह्यात जोडले जाते. गुजरातची महाजनी रीत आणि झाडीपट्टीची तलाव बांधण्याची रीत त्यांच्या कामात एकमेकींना भेटल्या, असे म्हणता येईल.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे चित्र वेगळे का होते?

गोंदियापासून काही तासांच्या अंतरावर नागपुरात जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. तेही गुजरातच्या नवसारीतून आलेले, पण पारशी. पारशी समाजातही दानाची परंपरा मोठी. मात्र एम्प्रेस मिलमध्ये सामाजिक दायित्वाची सुरुवात कारखान्याच्या आतून झाली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई. कायद्याने सक्ती करण्याच्या कितीतरी आधी या सोयी तिथे आल्या.

फरक फक्त मालकांच्या स्वभावाचा नव्हता, धंद्याच्या रचनेचाही होता. कापड गिरणीला फाटक असते, भोंगा असतो, हजेरीपट असतो. कामगार रोज डोळ्यांसमोर दिसतो. तो आला नाही तर यंत्र थांबते. त्याला टिकवून ठेवणे ही मालकाची गरज असते. बिडीला फाटकच नाही. कामगार शेकडो गावांत, आपापल्या ओसरीवर. त्यामुळे बिडी व्यापाऱ्याला ‘समाज’ म्हणून जो दिसला तो गाव होता, तालुका होता. वळणाऱ्या बाईचे नाव त्याच्या वहीत फारसे येतच नव्हते.

मग बिडी वळणाऱ्या बाईचे काय?

या कहाणीतला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. बिडी कामगाराच्या मुलाला गावाजवळ शाळा मिळाली, ही मोठी गोष्ट. पण त्याच्या आईची मजुरी, तंबाखूच्या धुळीने होणारा खोकला, छाटीत कापले जाणारे पैसे हे विषय शाळेच्या इमारतीने सुटत नव्हते. हे कुणा एका पेढीपुरते नव्हते. देशभरच्या बिडी उद्योगाची रचनाच तशी होती.

ते काम कायद्याला करावे लागले. १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा संसदेने केला. घरी बसून बिडी वळणारी स्त्रीही ‘कामगार’ आहे, हे त्याने मान्य केले. अनेक बिडी मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला. बिडीवर उपकर लावून त्यातून दवाखाने, घरकुले आणि बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर हा उपकर बंद झाला.

मनोहरभाईंच्या आयुष्याकडे पाहताना ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवावी लागतात. शाळा हे दान होते. मजुरी हा हक्क होता. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

इतर देशांत हे कसे घडले?

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीने पोलादात अफाट पैसा मिळवला आणि जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना निधी दिला. त्याची अट असे, की जागा गावाने द्यावी आणि देखभालीचा खर्चही गावानेच उचलावा. स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्यालाच मदत, हा त्या समाजाचा विचार त्यात दिसतो. याच कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात १८९२ मध्ये कामगारांचा संप बळाने मोडला गेला. ग्रंथालय आणि संप यांच्यातला हा ताण गोंदियाच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे १८८३ ते १८८९ या काळात आजारपण, अपघात आणि वृद्धत्वाचा विमा कायद्याने आला. उद्योजकाचे दायित्व त्याच्या दानशूरपणावर सोडले गेले नाही, ते नियमात बसवले गेले. त्यामुळे तिथल्या कंपन्यांना आपण समाजासाठी काय करतो हे वेगळे सांगण्याची गरज दीर्घकाळ वाटली नाही. जपानमध्ये ओमी प्रांतातल्या फिरत्या व्यापाऱ्यांनी आपल्या धंद्याची कसोटी अशी लावली, की विकणारा, घेणारा आणि ज्या गावात व्यापार होतो तो समाज, तिघांचेही भले झाले पाहिजे. परक्या गावात पत मिळवण्याची त्यांची अडचण चरोतरहून आलेल्या पटेलांसारखीच होती.

व्यवस्थापनशास्त्रात आर्ची कॅरोल यांनी १९९१ मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड प्रसिद्ध आहे. सर्वांत खाली नफा, मग कायद्याचे पालन, मग नैतिकता आणि सर्वांत वर दानधर्म. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की विकसनशील देशांत हा क्रम बदलतो. जिथे सरकारची शाळा आणि दवाखाना पोहोचलेला नसतो, तिथे समाज उद्योजकाकडून आधी दानाचीच अपेक्षा करतो. कायद्याच्या पालनाचा प्रश्न नंतर येतो. १९५८ च्या गोंदियात नेमके हेच चित्र होते.

आजचा सीएसआर कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार सीएसआर बंधनकारक झाला. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. सुरुवातीला खर्च न झाल्यास कारण देऊन सुटता येई. २०२१ पासून ही पळवाट बंद झाली आणि न वापरलेला निधी ठरलेल्या खात्यात जमा करणे सक्तीचे झाले.

या कायद्यातल्या दोन तरतुदी गोंदियाच्या कहाणीशी थेट जोडल्या जातात. पहिली, कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. ज्या गावात कमावले तिथे परत द्या, ही महाजनी रीतच जणू कलमात उतरली. दुसरी, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये मोजला जात नाही. म्हणजे कामगाराचे कल्याण हे कर्तव्य आणि समाजासाठीचा खर्च हे वेगळे खाते. गोंदियात एकेकाळी धूसर राहिलेली रेषा कायद्याने आखून दिली.

मात्र प्राधान्याच्या या तरतुदीची दुसरी बाजूही आहे. जिथे मोठे उद्योग, तिथेच निधी. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा अदानी समूहाचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. पण जिल्ह्याची ओळख असलेल्या बहुतांश धान गिरण्या आकाराने इतक्या मोठ्या नाहीत, की कायद्याच्या मर्यादेत याव्यात. मनोहरभाईंच्या काळात लहान-मोठे सगळेच व्यापारी आपापल्या परीने हातभार लावत. दोन टक्क्यांच्या नियमात लहानांना अशी जागा नाही.

आज तंबाखूच्या पैशातून शाळा चालली असती का?

हा प्रश्नही टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे. तंबाखू उद्योगाचा सामाजिक खर्च हा प्रसिद्धीचाच एक प्रकार मानावा, अशी या कराराची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. १९५८ मध्ये मात्र बिडीकडे रोजगार देणारा ग्रामोद्योग म्हणून पाहिले जाई. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध वैद्यकीय जगात नुकताच पुढे येत होता. त्यामुळे त्या काळच्या व्यापाऱ्याला आजच्या निकषांनी मोजणे योग्य नाही. पण आजच्या उद्योगाने तेव्हाचा दाखला देऊन सुटका करून घेणेही योग्य नाही.

मनोहरभाईंच्या आयुष्यातून काय उरते?

मनोहरभाईंनी आपल्या संस्कृतीने शिकवलेले देणे ओळखले आणि ते मोठ्या प्रमाणावर फेडले. ते देणे गावाचे होते. गावासाठी त्यांनी जे बांधले ते त्यांच्या निधनानंतर अर्धशतक उलटूनही चालू आहे. ज्या देण्याकडे त्या काळच्या धंद्याच्या रचनेने पाहूच दिले नाही, ते कामगाराचे होते. ते वसूल करायला संघटना, संसद आणि न्यायालय लागले.

सीएसआरचा अहवाल वाचताना म्हणूनच किती कोटी खर्च झाले हा एकच आकडा पुरत नाही. कंपनीने ‘समाज’ म्हणून कोणाला मोजले आणि कोणाला मोजलेच नाही, हे पाहावे लागते. बिडीत ती व्यक्ती ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई होती. आज ती ठेकेदाराकडचा मजूर असेल, सामान पोहोचवणारा मुलगा असेल किंवा प्रकल्पात जमीन गेलेला शेतकरी असेल. शाळा सगळ्यांना दिसते. हिशेब मात्र या न दिसणाऱ्या माणसापासून सुरू करावा लागतो.